मातीत गेलेला जोड

२१ जानेवारी
शेप्याला मोहोर आला. शेवग्याच्या शेंगा तोडायला गेले तर मामा काठी टेकून त्या आंब्यापाशी उभे. सासरे माझे, ब्याऐंशी वय, चेहरा नवरदेवासारखा. "बघ गं, तुझ्या आत्याचं झाड फुललं." मी हो म्हणाले. हे झाड आत्यांचंच आहे का ते मला माहीत नाही. चार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

२३ जाने.
लिहून तरी टाकते. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, माहेराहून आणलेल्या कोयीचा मोठा आंबा हायवे रुंद झाला तेव्हा गेला. फळाला बडीशेपेचा वास, म्हणून शेप्या. आत्या त्याच्या आधीच गेलेल्या. तोडण्याआधी मामांनी त्याच्या काड्या काढून गावरान रोपांवर पाच कलमं बांधली. चार वाळली, एक धरलं. मग मामा डोळ्याच्या ऑपरेशनला नणंदेकडे पुण्याला गेले.

मी शहाणी. ऊन लागू नये म्हणून माती चढवली, पार कलमाचा जोड झाकेपर्यंत. त्यात आमची भुरी शेळी सुटली, वरचा शेंडा फस्त. महिन्याने मातीतून फुटवा आला. जोडाच्या वरून आला असेल तर शेप्या. खालून असेल तर नुसता खुंट, म्हणजे खालचं गावरान रोप, कुठल्या तरी रायवळाचं. खालचा फुटवा मोडायचा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र आनंदाने पाणी घालत बसले. मामा आले तेव्हा झाड गुडघाभर. "धरलं की गं!" मी चहा टाकायला आत गेले.

२ फेब्रु.
दुपारी मामा झोपल्यावर माती उकरून बघितली. गाठ आहे. फुटवा बरोबर गाठीतूनच. वर म्हणावं तर वर, खाली म्हणावं तर खाली. माती परत लोटली.

१० फेब्रु.
कोवळं पान चुरगळून हुंगलं. बडीशेप! यांना दिलं (हे एसटीत कंडक्टर, सुट्टीला आलेले). "मला तर पानाचाच वास येतुय." मग बांधावरच्या दुसऱ्याच आंब्याचं पान चुरगळलं. त्यालाही बडीशेपेचा वास. हात धुऊन पुन्हा हुंगलं. आता कशालाच वास नाही.

१८ फेब्रु.
नळदुर्गच्या बाजारात रोपवाल्याला विचारलं, दुसऱ्याच्या झाडाचं असल्यासारखं. "खुंट आसता तर चवथ्या साली मोहोर आला नसता वैनी. कलमच हाय." जीव भांड्यात पडला. पिशवी उचलून निघाले तर मागून, "तसा कवा कवा खुंटाला बी येतो म्हना." मेल्या, तिथंच गप्प बसला असतास तर!

१७ मार्च
काल वावटळ. अकरा कैऱ्या पडल्या, एक राहिली. पडलेल्या सगळ्या चावून बघितल्या. आंबट. आंबट तर सगळ्याच असतात. दात आंबले, टोमॅटो बांधायला बाई आली तिच्याशी धड बोलता येईना.

राहिलेल्या कैरीला मामांनी पिशवी बांधली. आत्यांच्या जुन्या लुगड्याची. "मोठं झाड गेल्यापास्नं आखितीला तिच्या ताटात बाजारचा आंबा जातुय. औंदा तिचा तिला."

आमच्यात आखिती, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत कुणी पिका आंबा तोंडाला लावत नाही. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने ताट वाढतात, मगच. खोटा आंबा त्यांच्या ताटात माझ्या हाताने जायचा? आणि खरा असला तर उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावायचा?

२८ एप्रिल
यांना सगळं सांगितलं. "सांगून टाक त्यांला." पाणी पिऊन आले. "नगं सांगू, म्हातारं माणूस हाय." कंडक्टरच ते, जायची-यायची दोन्ही तिकिटं फाडून मोकळे. शिवाय मामांना करोनापासून वास येत नाही, कळणार कसं, हेही म्हणाले. तेच तर. म्हणूनच जास्त पाप वाटतं.

४ मे
पाड लागला. उतरवला. गव्हाच्या काडात ठेवलाय. दिवसातून दहादा बघते, हुंगत मात्र नाही. भीती वाटते.

९ मे
सांगितलं. संध्याकाळी अंगणात, शेंगांच्या जुड्या बांधता बांधता, वर न बघता. माती, शेळी, सगळं.

मामांनी हातातली जुडी आवळून बांधली. मग, "शेळी कुठली? भुरी का?"
"व्हय."
"तरीच त्या साली लई दूध दिलं तिनं."

मला हसू आलं आणि रडूही. ते हसले नाहीत. रात्री त्यांची दूध-भाकरी ठेवली होती, तशीच राहिली. सांगायला नको होतं का?

१० मे, आखिती
पुरणपोळी, आमटी, कुरडई. बाजारातून एक आंबा आणून ठेवला होता, मामा कुठला उचलतात कोण जाणे. त्यांनी काडातलाच उचलला. आत्यांच्या ताटात ठेवला, हात जोडले, ओठ हलत होते.

नंतर तो आंबा कापून अर्धा मला दिला. "माझं नाक मेलंय. तू सांग."

आधी गोड. मग आंबट. मग मागून काहीतरी आलं. बडीशेप? की चार वर्षं तिचीच वाट बघतेय म्हणून... आत्या असत्या तर त्यांनी पहिल्या घासाला सांगितलं असतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तोच आहे."
"नक्की?"
"नक्की."

मग त्यांनी स्वतःचा अर्धा खाल्ला. डोळे मिटून. कोय चोखून पांढरी केली. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

१३ मे
मामांनी फर्मान काढलं, मिरगात ह्याच झाडाच्या काड्या काढून आणखी पाच कलमं बांधायची. "औंदा जोड मातीत घालू नगंस," एवढंच म्हणाले. राग होता का चेष्टा, कळलं नाही. खुंटासाठी गावरान कोयी पिशव्यांत लावल्या.

रात्री नणंदेचा फोन. "वहिनी, आईच्या झाडाचं एक कलम मला ठेव हं. शेप्याच ना?" मी फोन मामांच्या हातात दिला.

ऐकून घेतलं त्यांनी. माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "सूनबाई सांगंल तीच जात."