तिसरा खलाशी हवा

८ जानेवारी

गेला! दाढीवालाही गेला! काल सकाळी गिटार, घडीची खुर्ची आणि स्वतःची उशी घेऊन धक्क्यावर हजर, आणि आज दुपारी "ताई, माझं मन अजून तयार नाही" म्हणून पसार. महासागर ओलांडायचाय आणि याचं मन तयार नाही! मग क्लबातल्या फळ्यावरची जाहिरात काय झोपेत वाचली होती? "शिडाच्या बोटीवर तिसरा खलाशी हवा. पगार नाही. जेवण आमचं, मेहनत तुमची." यात न कळण्यासारखं काय आहे?

दादा नुसता हसला. "जाऊ दे गं. दुसरा येईल." त्याच्या या शांतपणाचाच कधीकधी मला जास्त राग येतो.

११ जानेवारी

तिसरा माणूस लागणारच. किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं तर मी आणि दादा पुरेसे आहोत, इतकी वर्षं तेच करतोय. एकानं वर पहाऱ्यावर सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं खाली झोपायचं, मग अदलाबदल. पण महिनाभर जमिनीचं तोंड दिसणार नाही, तिथं दोघांचे हाल कुत्रा खाणार नाही. वारा आत्ता पाठीशी आहे. मार्च उजाडला की फिरेल.

आणि दादा सत्तरीला टेकलाय. गोदीत जन्मभर लोकांच्या बोटी दुरुस्त केल्या, तेव्हा कुठे ही मोडकी बोट त्याच्या वाट्याला आली. तिची फळीन् फळी आम्ही दोघांनी बदलली. एकदा पलीकडच्या किनाऱ्याला जायचं, एवढंच त्यानं स्वतःसाठी मागितलंय. यंदा नाही तर कधीच नाही. तो बोलत नाही, पण मला काय कळत नाही?

१५ जानेवारी

आज व्यायामशाळेचा मास्तर. दंड बघूनच मी हरखले होते. बंदराबाहेर पडायच्या आत ओकायला लागला! त्याबद्दल मी बोलणार नाही, बोट कुणालाही लागते. पण उतरताना म्हणतो कसा, "काका एकच गोष्ट चार-चारदा सांगतात हो." अरे, शिकवणं म्हणजे आणखी काय असतं? तू तुझ्या पोरांना वजन कसं उचलायचं ते एकदाच सांगतोस का?

हे त्याला तोंडावर सुनावता आलं नाही म्हणून मी घरी येऊन भांडी आपटली. दादा म्हणाला, "त्यांनी काय केलं बिचाऱ्यांनी?"

१९ जानेवारी

एक नवरा-बायको येऊन गेले. त्यांना स्वतंत्र खोली हवी. बोटीत!!

२५ जानेवारी

देव पावला म्हणायचा. बँकेतली बाई. बोलते कमी, हात चालतो. गाठ एकदा दाखवली की पुन्हा दाखवावी लागत नाही. तिच्यासाठी आम्ही एक अख्खा दिवस आणि रात्र बाहेर काढली. नवीन माणसाला दादा आपल्याच पहाऱ्यात घेतो, स्वतः शिकवतो. मी तेव्हा खाली गाढ झोपलेली. दादाच्या हातात सुकाणू असलं की मला कशी झोप लागते! घरच्या पलंगावरही तशी लागत नाही.

२८ जानेवारी

"घरी जरा अडचण आहे, ताई." कसली अडचण? परवापर्यंत नव्हती! माझ्या नजरेला नजर देईना. दादाचा हात मात्र दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभी. एवढा जिव्हाळा असेल तर ये ना मग बोटीवर! लोकांना स्वप्नं पडतात महासागराची आणि ऐन वेळी पाय लटपटतात. माझ्या ओळखीत आता एकच माणूस उरलाय - दातांचे डॉक्टर. त्यांची स्वतःची छोटी बोट आहे, ते तरी असली थेरं करणार नाहीत.

३ फेब्रुवारी

डॉक्टरांना घेऊन जाऊन आलो. उशीर झाला. मी पहाऱ्यासाठी वर आले तर दीपगृह भलत्याच बाजूला! दादा म्हणाला, "डॉक्टरांना पलीकडची खाडी दाखवत होतो." डॉक्टर दोर गुंडाळत राहिले.

५ फेब्रुवारी

डॉक्टरही नाही म्हणाले. मी दवाखान्यात जाऊन धडकले, पेशंट तोंड उघडून बसलेला, तरी विचारलंच. ते बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "ताई, बोट ते उत्तम चालवतात. पण एकदा त्यांच्या पहाऱ्यात तुम्ही वर जाऊन बसा."

"का?"

"बसा एकदा."

कारण सांगायला तोंड नाही, आणि मला अक्कल शिकवतात! दुसऱ्याच्या पहाऱ्यात उगाच वर जाऊन बसणं म्हणजे तुझ्यावर माझा भरवसा नाही असं त्याच्या तोंडावर सांगणं. बोटीवर कुणी करत नाही असं. मी दादाशी तसं वागू? ज्यानं मला सुकाणू धरायला शिकवलं त्याच्याशी?

६ फेब्रुवारी

दात बघावेत त्यांनी.

८ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यातून जाईना. ठरवलं - उद्या दोघंच बाहेर पडू, मी बसेन वर, आणि संध्याकाळी डॉक्टरांना दारात उभं राहून चार शब्द सुनावीन. दादाला म्हटलं, उद्या जाऊ या का? लहान मुलासारखा खूश झाला.

९ फेब्रुवारी

दुपारी त्याचा पहारा. मी खाली पडून राहिले, मग वर गेले. शीड छान भरलेलं, सुकाणूवर हात पक्का. माझ्याकडे बघून हसला, सरकून जागा दिली.

"या, बसा. घाबरू नका हं. पूर्वी कधी समुद्रावर गेला होतात?"

हो म्हटलं.

"मग जमेल तुम्हाला. खाली माझी धाकटी बहीण आहे. जरा तापट आहे, तिचं बोलणं मनावर घेऊ नका. पण तिच्यासारखा खलाशी तुम्हाला मिळायचा नाही." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हळू बोला. दमलीय ती. झोपू दे तिला."

बरं, म्हटलं. हळू बोलत राहिले.