अकरा नंबरच्या मावशींचे श्वास

सोमवार, ३ तारीख
नर्सिंगच्या ट्रेनिंगचा आज वॉर्डात पहिला दिवस! युनिफॉर्मला इतकी कडक इस्त्री केली, की बसायची सोय उरली नाही. बसायला वेळ तरी कुठे होता म्हणा. मला अकरा नंबरची खाट मिळाली. न्यूमोनियातून उठणाऱ्या मावशी आहेत. त्यांनी लगेच माझं 'चिमणे' करून टाकलं आणि लग्नाची चौकशीही उरकली. दर तासाला ताप, नाडी आणि मिनिटभराचे श्वास मोजून चार्टवर लिहायचे. सीनियर ताई म्हणाली, श्वास कोण मोजत बसतंय, सगळ्या १८ लिहितात, नॉर्मलचा आकडा. मीही दिवसभर १८ ठोकून दिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवार, ४
मावशींना धाप लागतेय. घड्याळ धरून मोजले, ३२ भरले. तसंच लिहिलं. पेनाला टोपण लावून बघते तर कागदावर १८. अक्षर माझंच. खोडून पुन्हा लिहिलं, पुन्हा १८. खाडाखोड बघून सिस्टरांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. बाथरूममध्ये जाऊन रडले.

बुधवार, ५
३८. चार्टवर १८. डॉक्टरांनी राउंडला फक्त चार्ट पाहिला, खूश झाले आणि ऑक्सिजन काढायला सांगितला. मी मध्ये बोलले, तर म्हणाले, हे तूच लिहिलंयस ना? कॉलेजच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सगळ्याच घाबरतात, जेवून घे. सोमवारी खोटे आकडे लिहिले हे सांगायला जीभ रेटली नाही. लाज वाटते माझीच मला.

गुरुवार, ६
मावशींचे ओठ निळे पडलेत. सिस्टरांपाशी सगळं कबूल केलं. सिस्टर स्वतः आल्या, मावशींच्या पोटावर हात ठेवून मिनिटभर मोजलं. १८ म्हणाल्या. त्यांची पाठ वळली आणि पुन्हा ती धाप — फक्त माझ्यासमोर. मावशी हात सोडत नाहीत. म्हणतात, चिमणे, तू तरी खरं लिही.

शुक्रवार
चार्ट काढून घेतला माझ्याकडून. स्टुलावर बसून इथेच लिहिते, या वहीत तरी खरं राहील.
९.
हाका मारल्या. सिस्टर लांबूनच म्हणाल्या, तमाशा पुरे —
५.
छाती हलत नाही. पूर्ण मिनिट मोजलं —
१८.
नाही! मी शून्य लिहिलं होतं. शून्य —
१८.
मावशी, आईशप्पथ, मी खरंच १८ लि—