टेम्पोवरचे सोसायटीचे नाव उतरवणेबाबत

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी,
उप प्रादेशिक परिवहन कार्यालय, रत्नागिरी.

अर्जदार : सौ. सत्यवती गुणाजी आडविरकर, मासळी विक्रेती, मु. पो. नाटे, ता. राजापूर.

विषय : फिटलेल्या कर्जाचा बोजा नोंदणी पुस्तकावरून कमी करणेबाबत, तसेच पुन्हा कोणाचाही न चढवणेबाबत.
संदर्भ : विमा कंपनीचा दोन नावांचा धनादेश.

महोदय,

१. अर्जदाराचा मासळीचा टेम्पो मिरजोळे येथे बर्फाच्या कारखान्यासमोर उभा असताना एका ट्रकने मागे येता येता त्याचा चुराडा केला. टेम्पोत कोणी नव्हते, हे देवाचे उपकार. ट्रकचालकाने चूक जागेवरच कबूल केली व ट्रकच्या विमा कंपनीनेही भरपाई मान्य केली. एवढे सरळ काम सहसा होत नाही, त्यामुळे अर्जदाराला तेव्हाच शंका यायला हवी होती.

२. धनादेश आला तो अर्जदार आणि दर्यासंगम पतसंस्था, नाटे (गावात हिला सोसायटी म्हणतात) अशा दोघांच्या नावे. कंपनीचे म्हणणे असे की, नोंदणी पुस्तकावर कर्ज देणाऱ्याचे नाव असेल तर भरपाई मालकाच्या एकट्याच्या हाती देता येत नाही. नियम योग्यच आहे. पण सोसायटीचे कर्ज केव्हाच फिटले आहे. बँक हा धनादेश अर्जदाराच्या खात्यात घेत नाही, त्याची मुदत संपत आली आहे, आणि ऑगस्टात होड्या समुद्रात जातील तेव्हा अर्जदाराकडे मासळी न्यायला गाडी नसेल. मासळीची पाटी घेऊन एसटीत बसणे कसे असते, ते शेजारच्या प्रवाशांना विचारावे.

३. कर्ज फिटले तर नाव का उतरवले नाही, असे आपण विचाराल. त्याला अर्जदाराचे पती श्री. गुणाजी जबाबदार. आमच्याकडे दारात टेम्पो असला की लग्नाची भांडी, गणपतीची मूर्ती, घराचे चिरे, सगळे त्यातूनच जायचे असते. पतींना तोंडावर नाही म्हणवत नाही. "गाडी माझी नाय, सोसायटीची. त्यांना विचारल्याशिवाय हलवता येत नाय," हे उत्तर त्यांना कर्ज असताना इतके मानवले, की कर्ज फिटल्यावर त्यांनी ना हरकत दाखला तांदळाच्या डब्यात ठेवला आणि टेम्पोच्या पाठीवर सोसायटीचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले. अर्जदाराने जाब विचारला तेव्हा, रंग चांगला आहे एवढेच सांगितले.

४. पुढे विमा कंपनीचा सर्व्हेअर मोडका टेम्पो बघायला आला. गाडी तुमचीच ना, असे त्याने सहज विचारले. पतींना वाटले, हाही मागायलाच आला. ते सवयीने म्हणाले, छे, सोसायटीची. सर्व्हेअरने ते लिहून घेतले व पाठीचा फोटोही काढला. चुराडा झालेला टेम्पो कोण मागणार, एवढेही पतींच्या लक्षात आले नाही.

५. सोसायटीचे चेअरमन श्री. सखाराम आडविरकर हे पतींचे सख्खे काका. बोजा उतरवण्याच्या नमुन्यावर त्यांची सही हवी होती. पतींना धाडले, तर ते पडवीत बसून बांगड्याच्या भावावर बोलून परत आले. पुन्हा धाडले, तर फणस घेऊन आले. शेवटी अर्जदार स्वतः गेली. पती मागून येऊन अंगणात थांबले. काकांच्या मुलीच्या, तेजस्वीच्या लग्नाला पतींनी टेम्पो नाकारला होता, त्याचाच राग असेल असे अर्जदार धरून चालली होती. काका म्हणाले, "नाय देणार बोल्ला असता, तर दुसरी गाडी बघितली असती. पण मी त्याच्यासाठी सोसायटीत भांडायला गेलो. गरिबाची गाडी कशाला अडवलीत म्हणून. कर्ज कधीच फिटलंय सांगून ते सगळे माझ्या तोंडावर हसले." त्याच रागात काका निवडणुकीला उभे राहिले व चेअरमन झाले, हेही तेव्हाच कळले. अर्जदाराला फार वाईट वाटले.

६. तेवढ्यात पती बोलले. अंगणातूनच म्हणाले, "काका, गाडी माझीच होती." काकांनी चष्मा लावला. "तुझी कसली? माझ्या सुनेची," असे म्हणून त्यांनी सही केली.

७. तरी विनंती की, बोजा कमी करून तसा दाखला धनादेशाची मुदत संपण्यापूर्वी मिळावा. जुन्या ना हरकत दाखल्याची मुदत गेली आहे व त्याला तांदळातले किडेही लागले आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

८. आणखी एक. परवा पती नवीन गाडीच्या दुकानात, थोडे कर्ज ठेवले तर चालेल का, अशी चौकशी करताना सापडले. नव्या गाडीवर कोणाचे नाव चढवायला ते आपल्याकडे आल्यास अर्जावर अर्जदाराची सही आहे का, ते कृपया पाहावे. ती नसेल. गाडीची पहिली फेरी काकांची ठरली आहे. पुढे कोणी मागितली आणि द्यायची झाली तर अर्जदार देईल, आणि नाही म्हणायचे झाले तर तेही तीच म्हणेल.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,
(सही)
सौ. सत्यवती गुणाजी आडविरकर
नाटे, दि. १४ जुलै २०२५

सोबत : नोंदणी पुस्तकाची प्रत, काकांनी सही केलेला बोजा उतरवण्याचा नमुना, ना हरकत दाखला (उरला आहे तेवढा), टेम्पोचा पाठीमागून फोटो. रंग खरोखरच चांगला होता.