सभ्यतेमुळे गाडी चुकल्याचा दाखला

प्रति,
मा. व्यवस्थापक,
समुद्राखालील वाहन-रेल्वे, इंग्लंडकडील स्थानक,
फोकस्टन.

अर्जदार: लायनेल पेनफोल्ड, निवृत्त पोस्टमास्तर, लडलो.

विषय: अर्जदाराने जेवण टाळले नसून त्याची गाडी सभ्यतेपायी चुकली, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: गेल्या रविवारी आपल्या चार्जरपाशी घडलेला प्रकार.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, माझा मुलगा डंकन याची सासुरवाडी बोगद्यापलीकडे, फ्रान्समध्ये सेंत-ओमेरजवळ आहे. गेल्या रविवारी विहीणबाई मादाम ओदील यांच्याकडे दुपारचे जेवण होते. नातवाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता कोण, हे त्या जेवणात ठरायचे होते. तो मान मला हवा आहे, हे येथे स्पष्टच लिहितो.

२. रेल्वेच्या डब्यात चढवलेली विजेची मोटार तिथे चार्ज करता येत नाही, हा नियम मला मान्य आहे. म्हणून ती स्थानकावरच चार्ज करावी या हेतूने मी आलो. एकच चार्जर मोकळा होता आणि त्याच वेळी समोरून श्रीमती मॉइरा टॅपली यांची मोटार आली. मी म्हणालो, "आधी तुम्ही." त्या म्हणाल्या, "छे हो, आधी तुम्ही आलात." मी म्हणालो, "मला मुळीच घाई नाही." हे धडधडीत खोटे होते, पण अशा वेळी आपल्याकडे दुसरे काय म्हणतात?

३. या आग्रहात माझी गाडी गेली, मग त्यांचीही गेली. दरम्यान हवापाणी, गुडघे, गुलाबावरची कीड हे विषय झाले. अखेर एक फ्रेंच तरुण आला. "कुणी लावतंय का इथं?" असे त्याने विचारताच आम्ही दोघे एका सुरात "घ्या, घ्या" म्हणालो. त्याने तार जोडली आणि तो कॉफी प्यायला गेला. त्याच्यावर राग नाही. राग स्वतःवर आहे, आणि थोडा टॅपलीबाईंवर.

४. पलीकडे पोहोचलो तेव्हा पानं उठली होती, ससा संपला होता. मी खरे ते सांगितले. विहीणबाई म्हणाल्या, "दोन शहाणीसुरती माणसं रिकाम्या चार्जरपुढं ताटकळतात होय? पटेल असं तरी सांगा. माझ्या हातचा ससा नको होता, तर सरळ म्हणायचं." डंकन माझी बाजू घेण्याऐवजी भांडी विसळायला गेला, सासूपुढे त्याचे मांजर होते. उद्या बाप्तिस्मा आहे आणि आता सुनेच्या मामाचे नाव पुढे आले आहे. या मामाने बाळाला अजून उचलूनही घेतलेले नाही. माझ्या मांडीवर ते बोट धरून झोपते. महोदय, मला फार वाईट वाटले.

५. तरी आपल्या कॅमेऱ्यातील चित्रीकरण पाहून दाखला द्यावा. तो फ्रेंच भाषेत असावा व सही शक्यतो फ्रेंच अधिकाऱ्याची असावी. इंग्रजाने इंग्रजाची दिलेली ग्वाही विहीणबाई ग्राह्य धरत नाहीत. "अर्जदारास ससा आवडतो" एवढे वाक्य त्यात घालता आले तर उपकार होतील.

आपला, गरजेपेक्षा जास्त नम्र,
लायनेल पेनफोल्ड
शनिवार, दि. ९ मे

सोबत: अर्जदाराचे छायाचित्र (चित्रीकरणात तपकिरी टोपीवाला तो मीच).

ता. क.: आपल्या खिडकीपाशी उभा राहून हे लिहीत आहे. खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला आहे. टॅपलीबाईही असाच दाखला मागायला आल्या आहेत. त्यांची बहीण रुसली आहे. कृपया त्यांचा अर्ज आधी घ्यावा. त्या "आधी यांचा घ्या" म्हणतील, त्यांचे ऐकू नये.