कुणीच आणायला न आलेला मतदार

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
मंगळवार

ती. सौ. लीलाआत्या,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. खरा घालायचा तर माझ्या खोलीची लांबी पुरत नाही. पाय दाराबाहेर गॅरेजात जातात, आणि गॅरेज प्रमोदकाकांचं आहे. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? नाशकात ऊन फार असेल. इथे सध्या वसंत ऋतू आहे असं म्हणतात, म्हणजे वारा आहे. फोनवर माझं भरभर बोलणं तुला कळत नाही आणि टाइप केलेलं पटत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. अक्षर वाकडं आलंय ते रागामुळे. वाऱ्यामुळे नव्हे.

आत्या, मी संपलो. म्हणजे अजून पूर्ण नाही. शनिवारी संध्याकाळी सातला संपेन, टीव्हीवर, सगळ्यांसमोर.

नीट सांगतो. आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आजवर कधी निवडून आलेला नाही. तो चहाच्या वेळी ठरतो. ज्याला नाही म्हणायला उशीर होतो तो अध्यक्ष. यंदा मात्र दोघंजण एकदम हो म्हणाले. एक आमचे प्रमोदकाका (ज्यांच्या गॅरेजमागे मी भाड्यानं राहतो), दुसरे हरीशकाका. हरीशकाका इस्पितळात फार्मासिस्ट आहेत आणि बोलतातही गोळ्यांसारखं, जेवणाआधी एक वाक्य, जेवणानंतर दोन. ते कौमुदीचे वडील. (हो, तीच कौमुदी. मागच्या पत्रात चार पानं जिच्यावर होती ती.) त्यातच अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा टाउन हॉल झाला. तिकडची रात्र म्हणजे आमची भर दुपार, त्यामुळे निम्म्या मंडळानं सुट्टी टाकून कम्युनिटी हॉलमध्ये पडदा लावून बटाटेवड्यांसकट तो पाहिला. सामान्य माणूस उभा राहतो, प्रश्न विचारतो, आणि उमेदवार माइक घेऊन त्याच्या दिशेनं दोन पावलं चालत जातो. आमच्या दोघांना त्यातलं चालणंच फार आवडलं. झालं, आपणही करू! इथलं एक छोटं लोकल चॅनल लाइव्ह दाखवायला तयार झालं. अट एकच: प्रश्न विचारणारे मतदार अनिश्चित हवेत. मत कुणाला द्यायचं हे अजून न ठरलेले.

आणि आत्या, अख्ख्या मंडळात अनिश्चित माणूस सापडेना.

कारण इथे मत जाहीरनाम्यावरून ठरत नाही. (जाहीरनामे वाचलेत मी. हरीशकाका म्हणतात कार्यक्रम वेळेवर सुरू करू, प्रमोदकाका म्हणतात वेळेवर संपवू. दोन्ही करू असं कुणीच म्हणत नाही.) मत ठरतं ते तुम्ही या देशात पहिल्यांदा उतरलात तेव्हा विमानतळावर तुम्हाला आणायला कोण आलं यावरून. ज्यानं तुमच्या बॅगा गाडीत टाकल्या, पहिला वरणभात घातला, तो जन्माचा आपला. निम्मं मंडळ हरीशकाकांच्या सात सीटच्या गाडीतून आलंय आणि निम्मं प्रमोदकाकांच्या व्हॅनमधून. इंद्रनील नावाचा एक इंजिनिअर वीस वर्षं इथे आहे, घर आहे, होडी आहे, तरी प्रमोदकाका दिसले की पटकन उभा राहतो, जणू अजून बॅगांची वाट बघतोय.

मला कुणीच आणलं नाही. मी ऑकलंडला, फ्लॅट बुशच्या घरी, बाबांशी भांडून तिथून बसनं इथे आलो, आणि बसस्टॉपवर उतरलो तेव्हा फक्त पाऊस होता. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता मंडळानं चॅनलवाल्यांना सांगितलंय की नितीश हा आमचा अनिश्चित मतदार!

मी, आत्या! ज्याचं आयुष्यात सगळं तडकाफडकी ठरतं. कॉलेज सोडायचं मी वर्गाच्या दारातून आत जाईपर्यंत ठरवलं. कौमुदीशी लग्न करायचं तर तिचं आडनाव कळायच्या आधी ठरवलं. पेटोनीच्या किनाऱ्यावर, जँडल्स (इथल्या रबरी चपला) हातात घेऊन, वाऱ्यावर ओरडून तिला विचारलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं (ती मराठीत ऐकते, इंग्रजीत बोलते) आणि म्हणाली, "आय नीड टु थिंक, नितीश." मी म्हटलं, यात विचार करण्यासारखं आहे काय? ती म्हणाली, "यू. यू आर हीप्स टु थिंक अबाउट." त्यानंतर अडीच महिने ती विचार करतेय आणि मी डेअरीत दूध विकतोय. (डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, म्हशी नाहीत.)

अनिश्चित झाल्यापासून मात्र मला जेवणाची आमंत्रणं येऊ लागली. जी माणसं मला हॉलमध्ये खुर्च्या उचलताना ओळखत नव्हती ती विचारतात, नितीश, तुला आमटी गोड आवडते की आंबट? गेल्या रविवारी तर कौमुदीच्या घरी बोलावणं आलं. तिच्या आईनं, विनयाकाकूंनी, पुरणपोळी केली होती. कौमुदी समोर बसलेली. दुसऱ्या पोळीला माझा ऊर भरून आला, आणि मी उभा राहून म्हणालो, "काका, ठरलं! माझं मत तुम्हालाच!"

हरीशकाकांचा चेहरा पडला. "अरे गाढवा, हळू बोल," ते म्हणाले, "तू ठरवलंस तर शनिवारी प्रश्न कोण विचारणार? मी चालत कुणाकडे जाणार?" विनयाकाकूंनी तिसरी पोळी परत डब्यात ठेवली. मला पुन्हा अनिश्चित करण्यासाठी त्याच संध्याकाळी प्रमोदकाकांकडे जेवायला धाडण्यात आलं. तिथे ते हरीशकाकांना "गोळीवाला" म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी वाटी आपटली आणि म्हणालो, खबरदार! तर ते म्हणाले, "बघ हं नितीश, अनिश्चित माणूस इतका चिडत नाही." खोलीची किल्ली त्यांच्याकडे आहे हे मला नंतर आठवलं. मी सोलकढी पिऊन माफी मागितली.

दुपारी मी कौमुदीच्या घरून निघाल्यावर तिनं मेसेज केला होता, तो तेव्हा पाहिला: "यू कान्ट ईव्हन बी अनडिसायडेड प्रॉपर्ली." आत्या, हे वाक्य माझ्या छातीत बसलंय.

आता शनिवारी मला अर्धं मिनिट मिळणार. चॅनलनं माझ्यासाठी पार्किंगचा प्रश्न पक्का केलाय. पण मी वेगळाच विचारणार होतो: मुलीनं लग्नाचं आपलं आपण ठरवलं तर उमेदवारांची भूमिका काय राहील? रोज आरशासमोर तालीम करतो. रोज शेवटी पार्किंगचंच तोंडात येतं. मी भित्रा आहे, आत्या. तापट माणसं आतून अशीच असतात बहुतेक. कुणाला काही मागायचं नाही, असं मी आता ठरवलंय. अगदी नक्की ठरवलंय.

काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक घे.

तुझा
नितीश

ता. क. आत्या, तू हरीशकाकांना फोन करून माझ्यासाठी रीतसर मागणी घाल ना. पण शनिवारच्या आत. आत्ता त्यांना माझी गरज आहे. कार्यक्रम संपला की मी पुन्हा बसनं आलेला मुलगा.

ता. क. २. थांब, फोन करू नकोस. आत्ताच कळलं की चॅनलला दुसराही एक अनिश्चित मतदार हवा होता आणि तो सापडलाय. कौमुदी! हरीशकाका जेवले नाहीत म्हणे. मी विचारलं, अगं, सख्ख्या वडिलांबद्दल? तर ती म्हणाली, "मी इथेच जन्मले. मला पण कोणी एअरपोर्टवरून नाही आणलं." चक्क मराठीत. आणि शनिवारी मी तिला घ्यायला येऊ शकतो का, असं विचारलं. माझ्याकडे गाडी नाही हे तिला माहीत आहे. बसनं चालेल म्हणाली. बाकीचं अजून ठरवतेय.

ता. क. ३. फोन करच. पण तिला कर, आणि माझ्याबद्दल काही बोलू नकोस. नुसती चौकशी कर.