कल्हई

४ नोव्हेंबर
माझ्या हातानं झालेलं: तांब्याचं मोठं भांडं, वरचा घुमट, वाकडी मान, वाफ थंड करणारी वेटोळी नळी, झाकण, सगळे जोड. कुणाकडे शिकलो नाही, फोटो आणि एका ड्रॉइंगवरून केलं. आज महूच्या रस्त्यावर यशवर्धनच्या जिनच्या डिस्टिलरीत बसवलं. थेंब गळत नाही!

पितळी पाटी नेली होती – ‘घडवणारा: दगडू सोनोने, इंदूर’. यशवर्धन म्हणाला, “काका, अभी रहने दो. गेस्ट लोकांना इम्पोर्टेड वाटतंय.” म्हणजे माझ्या भांड्याला परदेशी बाप! पाटी घेऊन परत आलो. गिरिजा म्हणाली, “नाव लागेपर्यंत आता घरात जेवण गोड नाही.” बायको आहे, ओळखते.

१६ नोव्हेंबर
चाखायला बोलावलं होतं. भोपाळचे दहाएक पाहुणे, समजावून सांगायला डिस्टिलरीतली पलक. तीन छोटे ग्लास. पहिल्या दोन जिन त्यांच्या जुन्या लहान भांड्यातल्या. पहिलीत जुनिपरच्या फळाचा वास, रंध्याच्या ताज्या भुश्यासारखा. दुसरीत संत्र्याची साल, मागाहून बडीशेप. दोन्ही चोख.

तिसरी पुढे करत पलक म्हणाली, “अंकल, ये आपके पॉट की!”

नाकाशी नेली. विझलेली काडी, आणि खाली उकडलेलं अंडं. पाहुणे माना डोलवत होते – “डिफरंट है, हां.” यशवर्धन माझ्याकडे बघेना. पाटी पिशवीतच ठेवली.

१७ नोव्हेंबर
यशवर्धनचा फोन. “आतून कल्हई करायला कोणी सांगितलं होतं?”

कुणी नाही. ड्रॉइंगमध्ये नव्हती. मला वाटलं, लिहायची राहिली! आमच्या घरात कल्हई नसलेल्या तांब्यात आमटी कधी शिजली नाही. कथील चढवून आतून आरसा केला होता. आता कळतंय – गव्हाच्या आंबवणाचा घाण वास उघडं तांबंच खातं. तेच मी झाकून टाकलं.

“भांडं उचलून न्या,” म्हणाला. म्हटलं, आधी मला आत उतरू दे. खर्च माझा.

२१ नोव्हेंबर
आत बसून घासतोय. खांदा गेला.

२४ नोव्हेंबर
गिरिजा म्हणते, “माणूस लावा एखादा.” नाही. चढवली मी, उतरवणार मी. पलक वरून डोकावून विचारते, “अंकल, चाय अंदर भेजूँ?” कार्टी!

२ डिसेंबर
नवी खेप चाखली. दोनदा वास घेतला, मग घोट. जुनिपर, धने, शेवटी लिंबाची साल. अंडं नाही, काडी नाही. लहान भांड्यातल्या जिनपेक्षा गोल, मऊ – हे मी नाही, यशवर्धन बोलला. मग म्हणाला, “काका, वो प्लेट लाए हो?”

गाडीतच होती. स्क्रू स्वतः मारले. किंचित तिरकी वाटली, काढून परत लावली.

११ डिसेंबर
यशवर्धन राजेंद्र नगरला घरी आला, पेढे घेऊन. ती वासाची खेप त्यानं मुंबईच्या एका बारवाल्याला फुकट दिली होती. आता तिथली गिऱ्हाइकं तीच मागतायत! म्हणाला, पुन्हा कल्हई करा. बाटलीवर तुमचा फोटो, आणि जिनचं नावच ‘दगडू’. पाच लाख, आत्ता.

नाही म्हणालो, त्या अंड्याच्या वासाला माझं नाव नको. पाच लाख.