वगळायच्या यादीतला घुम्या

१२ मार्च

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, खोकला गेला. नवी खोली चौथ्या मजल्यावर आहे. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागलेत, तुझ्यापेक्षा जास्तच बोलतात. हे पत्र मावशीच्या हाती देते आहे, गुरुवारी ती तुझ्याकडे पोचेल.

मावशी म्हणाली, पुलाच्या कामावरची नोकरी तू नाकारलीस. का, तर तू गेलास की घरचं मशीन बंद पडेल, "मग ताईचं काय?"

अरे वेड्या!

मी इथून जे वाचते, पाठवते ते तीन अनोळखी मशीनांवरून फिरत जातं, म्हणजे कुणाचं कुणाला कळत नाही, हे तुला मीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू कळवलंस, जुन्या कॉम्प्युटरवर तसा एक रिले, म्हणजे लोकांचं आलेलं पुढे पोचवणारं मशीन, चालू केलाय, त्या तिनांतलं एखादं आपलं असावं. एवढंच. मावशी सांगते, वीज गेली की तू जेवण सोडून उठतोस, आणि आतल्या पंख्याची धूळ रंगाच्या ब्रशने काढतोस.

आता मघापासून टाळते आहे ते सांगते. माझं काहीही तुझ्या मशीनवरून कधी गेलेलं नाही. जाणं शक्यच नव्हतं. वाट कोणत्या देशांतून जाऊ द्यायची नाही ते माझ्या मशीनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिता येतं. इथे परदेशात आल्यावर पहिल्याच दिवशी मी आपला देश लिहिला. खाली आणखी एक ओळ घातली, की जोडणी तुटली तरी बेहत्तर, पण तिथून नाही.

ऑफिसात कारण सांगितलं, सुरक्षितता. आमचा मशीनवाला हसला. "अहो, उलट आहे ते. वाट नेटवर्कला निवडू द्या. तुम्ही निवडायला लागलात की चारचौघांत वेगळ्या दिसता." मला कळत नव्हतं असं नाही. मला राग होता. भेसळीच्या औषधांची माझी बातमी छापून आली, धमक्या सुरू झाल्या, आणि बाबा म्हणाले, "घराला आग लावून चालली." तू माझी बॅग धरून उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. तो राग मी त्या फाइलमध्ये लिहिला. तुझ्या रिलेचं कळलं तेव्हाच पुसायला हवा होता, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आपल्या घराण्याचा तर नाहीच. पुढे पुढे लाजेने राहून गेलं.

म्हणजे दोन वर्षं तू परक्यांची ओझी वाहिलीस, आणि जिच्यासाठी वाहिलीस तिनेच तुला वगळलं होतं. मला माफ कर रे.

आज सकाळी दोन्ही ओळी पुसल्या. रडू आलं. मशीनवाला बिचारा उगाच वायरी तपासत बसला.

तू ती नोकरी घे, उद्याच कळव त्यांना. फक्त रविवारपर्यंत मशीन चालू ठेव. रविवारी मी दिवसभर काम करत बसणार आहे आणि दर थोड्या वेळाने नवी वाट मागणार आहे. हजारो मशीनांत तुझं लागेल की नाही, देव जाणे. लागलं तर मला इथे दिसेल, तुला मात्र काहीच कळणार नाही. म्हणून आधीच सांगते, त्या दिवशी तुझ्या मशीनवरून जे जाईल ते सगळं माझंच समज.

सोमवारी ते बंद कर आणि नीघ.

दोन वर्षं उशीर केलेली,
तुझीच
ताई